आठवी रेघ

१४ एप्रिल १९९४

तोक्योत चेरी गळून गेली आणि इथे डोंगरात अजून कमरेएवढा बर्फ आहे. पुलाखालून हिरवं पाणी दोन पांढऱ्या भिंतींमधून वाहतं. आगगाडीत मी एकटीच होते.

कला-दिग्दर्शक म्हणून ही माझी पहिली फिल्म, चव्वेचाळिसाव्या वर्षी. वीस वर्षं ॲनिमेशनच्या स्टुडिओत दुसऱ्यांच्या आराखड्यांवर आकाश आणि गवत रंगवलं. आता घरं कशी असतील, कुठून उजेड येईल हे मी ठरवायचं. आमचे दिग्दर्शक कुसाका-सान म्हणाले, आधी खरं घर बघून या, मग खोटं काढा.

गावकचेरीतले मेगुरो-सान स्टेशनवर घ्यायला आले होते. त्यांनी मला होशी तोमे नावाच्या बाईंकडे सोडलं. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहतात. गवताने शाकारलेलं छप्पर, आत जमिनीत खोदलेली चूल आणि तिच्या धुराने शंभर वर्षं काळी होत गेलेली लाकडं. हा काळा बाटलीतल्या काळ्या रंगाने येणार नाही. तांबडा आणि गर्द निळा मिसळून बघायला हवा, वर किंचित हिरवा.

मी तुळयांकडे बघत उभी राहिले तेव्हा तोमे आजींनी विचारलं, की तोक्योहून एवढ्या लांब फक्त काजळी बघायला आलात का. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग बसून बघा. मान दुखेल."

१५ एप्रिल

दिवसभर रेखाटनं. चौतीस झाली. तोमे आजी मधूनमधून चहा आणि सलगमाचं लोणचं पुढे सरकवत होत्या. मी एका हाताने खात होते, दुसऱ्याने काढत होते. हे उद्धट दिसलं असणार.

आजचा खरा लाभ म्हणजे चुलीजवळचा खांब. त्यावर चाकूने कोरलेल्या सात आडव्या रेघा आहेत. पाच मेला, मुलांच्या सणाला, घरोघरी उंची मोजतात तशा. मी टेप लावून मापं घेतली: सर्वांत खालची एकाहत्तर सेंटिमीटरवर, सर्वांत वरची एकशे बारावर. रंगाची गंमत अशी की आजी रोज सकाळी ओल्या फडक्याने खांब पुसतात, त्यामुळे तो चेस्टनटच्या सालीसारखा चकाकतो. पण रेघांभोवतीचा हातभर पट्टा कोरडा, राखाडी राहिलाय. तिथे फडकं फिरत नाही. वय झालं, सुटत असेल हातून. चित्रात तो पट्टा फार छान दिसेल.

मापं घेऊन झाल्यावर विचारलं, कोणाच्या रेघा. "मुलाच्या," आजी म्हणाल्या. मी आणखी काही विचारणार होते, तेवढ्यात खिडकीतला उजेड बदलला आणि मी रंगांच्या मागे लागले.

दाराशी खिळ्याला पेंढ्याचे बूट टांगलेत, बर्फात घालायचे, लहान मुलाच्या मापाचे. पेंढा नवा, अजून हिरवट. नातवंडांसाठी असतील किंवा पर्यटकांना विकायला.

निघताना मी म्हटलं, "कृपा करून काही बदलू नका. हे असंच राहू द्या." आम्ही जिथे जिथे चित्रं काढायला जातो तिथे हे म्हणतो. आजींनी मान डोलावली आणि विचारलं, "चित्रात घर चांगलं दिसेल ना? मुलं बघणार म्हणताय." मी म्हटलं, फार चांगलं दिसेल.

ते खरं आहे. आमच्या गोष्टीत एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधायला दिवा घेऊन निघते आणि वाटेत एका प्रेमळ आजीच्या घरी जेवते. हे त्या आजीचं घर होणार आहे.

२८ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहायला हवं, कारण मला त्यातली माझी बाजू आवडलेली नाही.

रेखाटनं भिंतीवर लावली होती. कुसाका-सान खुर्ची उलटी करून बसले. मग म्हणाले, "हे आजीचं घर नाही. हे गिळणारीचं आहे."

गिळणारी म्हणजे आमच्या गोष्टीतली मुलं गिळणारी म्हातारी. तिचं घर कसं असावं यावर दोन महिने आमचं अडलं होतं. कोणी गुहा काढली, कोणी हाडांची भिंत. सगळं आधी कुठेतरी बघितल्यासारखं.

कुसाका-सान उठले आणि खांबाच्या चित्रावर बोट ठेवलं. म्हणाले, ती मुलांना एकेक करून या खांबाशी उभं करते, मोजते, रेघ ओढते आणि मग गिळते. एवढंच दाखवायचं. हाडं नकोत, रक्त नको.

तोगाशी म्हणाला, "आज डबा परत घरी जाणार." तोगाशी पार्श्वचित्रं रंगवतो. स्टुडिओतला सगळ्यात चांगला हात आणि सगळ्यात वाईट तोंड.

तोमे आजींना दिलेला शब्द मला त्या क्षणी आठवला. आठवला नाही असं लिहिता येणार नाही. पण आठवणीच्या आधी मला आनंद झाला होता. माझं चित्र फिल्मचा कणा झालं होतं.

आणि पुढचं तर कोणी सांगितलंही नव्हतं. दुपारी मी स्वतःहून सात रेघांच्या वर आठवी काढली. ताजी कोरलेली, आतलं पांढरं लाकूड दिसणारी. ही भावाची. मुलगी खांबाशी येते तेव्हा ती रेघ बरोबर तिच्या डोळ्यांखाली यावी अशा बेताने उंची ठरवली. कुसाका-सानांनी लाल पेन्सिलीने तिच्याभोवती गोल केला. बाजूला काही लिहिलं नाही. ते आवडल्याशिवाय गोल करत नाहीत.

२४ मे

काळा जमला. शेवटी जांभळ्यावर तपकिरीचे पातळ हात देऊन. तोगाशी खांबाची मोठी चित्रं रंगवतोय. कोरडा पट्टा करायला तो ब्रशमधलं पाणी पूर्ण पिळून काढतो आणि ब्रश झोपवून ओढतो. मला म्हणाला, "ही म्हातारी पुसायला आळशी होती काय?" मी म्हटलं, हात पोचत नसेल. तो म्हणाला, "वर पोचतो, खाली पोचतो, मधेच पोचत नाही? अजब हात आहे."

मी हसले. नंतर दिवसभर ते डोक्यात राहिलं, पण कामं खूप होती.

१८ जून

तोमे आजींचं पत्र आणि वाळवलेल्या नेच्यांचं पुडकं. अक्षर मोठं, पेन्सिलीचं. पत्रातला एक भाग इथे उतरवून ठेवते.

"कचेरीची माणसं छपरावर पत्रा घालायला आली होती. गवत शाकारणारं आता कोणी उरलं नाही. पण मी त्यांना थांबवलंय. तोक्योच्या बाई काही बदलू नका म्हणाल्यात, त्यांना परत बघायचं असेल तर घर तसंच हवं. तुमचं काम झालं की कळवा. घाई नाही."

पत्र दोनदा वाचलं. मी तर एक सवयीचं वाक्य बोलले होते. गिऱ्हाइकाला दुकानदार 'परत या' म्हणतो तसं. आणि तिकडे एक म्हातारी बाई पावसाळ्याच्या तोंडावर छप्पर अडवून बसलीय.

लगेच कळवायचं ठरवलं. कळवताना फिल्मबद्दलही लिहावं लागेल, मग गिळणारीबद्दलही. ते नीट लिहायला वेळ हवा. रविवारी लिहीन.

२६ जून

रविवार. लिहिलं नाही.

२ ऑगस्ट

मेगुरो-सानांना फोन केला होता. शेवटच्या नामावळीत आभार मानायचे, तर तोमे आजींचं नाव कोणत्या चित्राक्षरांत लिहितात ते विचारायला. अक्षरं सांगून झाल्यावर ते सहज म्हणाले, "शोइचीची रेघ फिल्ममध्ये येणार म्हणून आजी फार खूश आहेत."

मी विचारलं, शोइची म्हणजे मुलगा का, हल्ली कुठे असतात.

ते म्हणाले, "त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही होय?"

एकोणीसशे पंचावन्नच्या फेब्रुवारीत शाळेच्या वाटेवर बर्फाचा कडा शोइचीवर कोसळला. पहिलीत होता. एकुलता एक. नवरा पुढे धरणाच्या कामावर गेला आणि तिथेच वारला. आजी दर हिवाळ्यात पेंढ्याचे बूट विणतात, एक जोड. वसंतात जुना जोड जाळून टाकतात.

शोइची असता तर आज माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा असता.

फोन ठेवला आणि पंधरा एप्रिलची नोंद काढून वाचली. 'सुटत असेल हातून.' 'पर्यटकांना विकायला.' हे मीच लिहिलंय. त्या पट्ट्यावरून ओलं फडकं चाळीस वर्षं फिरलेलं नाही, रेघा झिजू नयेत म्हणून. आणि मी त्याचा रंग टिपून आणला. मापं आधी घेतली आणि कोणाची ते नंतर विचारलं.

३ ऑगस्ट

कुसाका-सानांना सगळं सांगितलं. ते ओरडतील, निदान वैतागतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, खांब किती चित्रांत आहे. तेवीस. त्यातली किती रंगवून झाली. एकोणीस. कॅमेऱ्याकडे कधी जाणार. बावीस ऑगस्टला.

"तुम्ही कला-दिग्दर्शक आहात," ते म्हणाले. "बदलायचं म्हणालात तर बदलू. मी उशिराचं बघून घेईन. तुम्ही ठरवा."

ते नाही म्हणाले असते तर किती सोपं झालं असतं. आता दोष द्यायला मला दुसरं कोणी नाही.

५ ऑगस्ट

तोगाशीला सांगितलं. तो ब्रश धूत राहिला. मग म्हणाला, आता ती चित्रं फाडायची म्हणाल तर मी फाडतो, तीन आठवडे गेले तर गेले. पण एक विचारतो. "तुम्हाला त्या आजीला वाचवायचंय की स्वतःला? आजीला विचारलंत का, तिला काय हवंय?"

मी म्हटलं, विचारणार आहे.

"मग फोन तिकडे आहे," तो म्हणाला.

आजींकडे फोन नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. मेगुरो-सानांकरवी निरोप देता आला असता, हेही नाही.

१३ ऑगस्ट

ओबोन. स्टुडिओ बंद. मृतांना घरी बोलावायचे दिवस. पत्राचे पाच मसुदे झाले. पहिल्यात मी फार क्षमा मागते, दुसऱ्यात फार समजावते. तिसरा चांगला होता, पण चांगला आहे हे मला कळत होतं म्हणून फाडला. चौथा-पाचवा म्हणजे तिसऱ्याच्याच नकला.

२२ ऑगस्ट

चित्रं कॅमेऱ्याकडे गेली. सकाळी दहाला चित्रांच्या फायली घेऊन गाडी निघाली. मी खिडकीतून बघितलं.

मी काही ठरवलं नाही. तारीख येईपर्यंत पत्र लिहीत राहिले आणि तारीख आली. हे ठरवणंच आहे. फक्त भित्र्या माणसाचं.

११ सप्टेंबर

तोमे आजींकडे जाऊन आले. खांबाचं एक मोठं चित्र सोबत नेलं होतं. गाडीत सगळं क्रमाने पाठ केलं.

घरात तीन बादल्या मांडलेल्या. पाऊस पडत होता आणि चुलीच्या कडेला थेंब. आजी म्हणाल्या, "तुमच्यासाठी ठेवलंय सगळं, बघा. काही हलवलं नाही." मी आत पाऊल टाकायच्या आधीच म्हटलं, छपराचं काम उद्या सुरू करायला सांगा, माझं झालं, जूनमध्येच झालं होतं, कळवायचं राहिलं. त्या म्हणाल्या, "राहतं असं."

मग बसून सांगितलं. घर कोणाचं झालंय ते, रेघांचा अर्थ काय लावलाय ते, मला कधी कळलं ते, आणि कळूनही मी वीस दिवस काय केलं ते. आजी चुलीतले निखारे सारखे करत होत्या. मुलं गिळणारी म्हातारी म्हटल्यावर हसल्या. "म्हणजे ती मी. आणि मला तर खालचे दातच नाहीत, गिळूनच खावं लागतं."

मला हसता आलं नाही. त्याही थांबल्या.

"बरोबर काढलंय," त्या म्हणाल्या.

मग निखाऱ्यांकडे बघतच सांगितलं, दुसऱ्याच कोणाच्या घरातलं सांगावं तसं. त्या सकाळी त्याला जायचं नव्हतं. पोट दुखतंय म्हणत होता. "मी म्हटलं, पहिल्याच वर्षी शाळा बुडवायची नाही. बूट मीच घातले पायात. दोऱ्या मीच आवळल्या. पुढे चाळीस वर्षं गेली. माझ्या तोंडावर कोणी कधी बोललं नाही. तुमच्या सिनेमावाल्यांना कसं कळलं?"

मी म्हटलं, असं नाही, आजी. तो कडा कोसळला, कोणाच्या हातात नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही होतात का तिथे?"

मी काढलेलं घर तिला तेच सांगत होतं जे ती स्वतःला सांगत आली होती. बाहेरून कोणी दुजोरा द्यायचा तेवढा राहिला होता, तो मी दिला.

आजींनी चष्मा लावला आणि चित्र मांडीवर घेतलं. रेघांवरून खालून वर बोट नेलं. परत एकदा नेलं.

"ही एक जास्त आहे."

मी म्हटलं, हो, ती मी काढली.

"कोणी मोजलं?"

मी उत्तर जुळवत होते तोवर त्या उठून खांबापाशी गेल्या. वरच्या रेघेच्या जरा वर हवेत तळहात आडवा धरला. थोडा खाली घेतला, परत वर केला. तिथे कोणाचं डोकं असावं तसा.

"एवढा होता," त्या म्हणाल्या. "आता केवढा झाला असता."

नंतर चहा झाला. नेच्यांची भाजी झाली. फिल्मबद्दल बोलणं निघालं नाही. निघताना एवढंच विचारलं त्यांनी, की मुलं ते बघून घाबरतील का. मी म्हटलं, लहान असतील ती घाबरतील. "बरं आहे," त्या म्हणाल्या. "घाबरलेली पोरं घरात बसतात."

परतताना गाडीत मी चित्राच्या पाठीमागे त्यांचं खांबापाशीचं ते वाक्य लिहून ठेवलं. विसरू नये म्हणून, असं मनाशी म्हटलं. ते विसरण्यासारखं नव्हतं, मग का लिहिलं?

१४ सप्टेंबर

का लिहिलं ते आज कळलं.

चित्रं आता बदलता येत नाहीत. पण आमच्याकडे आवाज नंतर भरतात, ऑक्टोबरात. चित्रातले ओठ हललेले असतात, नट पडद्याकडे बघून बोलतात. म्हणजे गिळणारी काय करते ते ठरलंय, ती काय म्हणते ते अजून बदलता येतं. मुलगी खांबाशी उभी राहते तेव्हा ती म्हणते, "इतकी गिळली, तरी भूक जात नाही." सगळा अर्थ त्या वाक्यात आहे. ते काढलं तर रेघांचा अर्थ बदलतो.

कुसाका-सानांना हे सांगितलं. त्यांनी स्टोरीबोर्ड उघडला. "ओठ चार सेकंद हलतात. मधे एकदा मिटतात. त्यात बसेल असं आणा."

मी म्हटलं, आणलंय. आणि म्हणून दाखवलं. एवढा होता. आता केवढा झाला असता.

त्यांनी घड्याळ लावून पुन्हा म्हणायला लावलं. चार सेकंद. मधे एकदा मिटतात.

ते खिडकीपाशी गेले. तिथूनच म्हणाले, म्हणजे ती गिळत नाही. स्वतःचं गेलंय आणि दुसऱ्यांची मुलं खांबाशी उभी करून बघते, किती वाढली. मग शेवटही वेगळा कळेल. "हे वाक्य तुम्हाला सुचलं?"

मी म्हटलं, तिकडे गेले होते तेव्हा.

हे खोटं नाही. खरंही नाही.

१५ सप्टेंबर

काल जे केलं ते पुन्हा बघते. तिच्या घरातून मी आधी काजळी आणली, मग रेघा आणल्या, दोन्ही न विचारता. त्या चुकीची भरपाई करायला गेले आणि तिच्या तोंडचं वाक्य आणलं. तेही न विचारता. भरपाई आणि चोरी एकाच हाताने, एकाच दुपारी.

तरीही ते वाक्य परत घ्यावंसं वाटत नाही. तिने पडद्यावर स्वतःला मुलं गिळताना बघू नये, एवढं तरी त्याने होईल. हे तिच्यासाठी की माझ्यासाठी, तोगाशी विचारेल. मी त्याला सांगितलेलं नाही.

८ ऑक्टोबर

आवाज भरले. गिळणारीचा आवाज एका जुन्या रंगभूमीवरच्या बाईंचा. ते वाक्य त्यांनी एकदाच म्हटलं, अगदी सपाट, भाजी किती महाग झाली म्हणावं तसं. काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाने हेडफोन काढून ठेवले.

बाईंनी विचारलं, हे कोणी लिहिलं. कुसाका-सानांनी माझ्याकडे हात केला. सगळे वळले. मी वाकून नमस्कार केला.

नाव सांगायला एक सेकंद पुरला असता. मी वाकले ती वाकलेलीच राहिले जरा, चेहरा दिसू नये म्हणून.

११ डिसेंबर

गावातल्या बंद शाळेच्या व्यायामशाळेत फिल्म दाखवली. भर दुपारी, खिडक्यांना काळे पडदे लावून, चार स्टोव्ह पेटवून. साठ-सत्तर माणसं, बरीचशी म्हातारी, शहरातून आलेली काही नातवंडं. तोमे आजी सगळ्यात पुढे, घरून आणलेल्या उशीवर. मी मागे भिंतीशी.

गिळणारीचं घर आलं तसं लोक कुजबुजले, "तोमेचं घर." एक लहान मुलगी रडायला लागली. आजींनी वळून तिला संत्रं दिलं आणि परत पडद्याकडे तोंड केलं.

ते वाक्य आलं तेव्हा मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. पाठ हलली नाही. मान वळली नाही. अंधारात एवढंच दिसलं.

दिवे लागल्यावर मी पुढे जाऊन गुडघ्यावर बसले. म्हटलं, आजी, ते वाक्य तुमचं आहे, मी न विचारता घेतलं. हे मी निदान बोलले. आजी उशी झटकत होत्या. म्हणाल्या, त्या बाईंचा आवाज चांगला होता. मग म्हणाल्या, "घर छान दिसलं. तुम्ही म्हणाला होतात."

मी बूट घालत असताना मागून त्यांचा आवाज आला. "मे महिन्यात या. पाच तारखेला. ती टेप आणा."

१९ मार्च १९९५

फिल्म चालतेय. एका वर्तमानपत्राने त्या चार सेकंदांवर अर्धा रकाना लिहिलाय. तोगाशीने कात्रण माझ्या टेबलावर चिकटवलं, वर लिहिलं: 'लेखिकाबाईंना.' मी ते काढून खणात ठेवलं. फाडलं नाही.

५ मे

आजींचं छप्पर आता निळ्या पत्र्याचं आहे. खाली गवत तसंच आहे म्हणाल्या, आत धूर कोंडतो थोडा. सावलीत बर्फाचे तुकडे उरलेत. बांबूच्या पानात बांधलेला भात केला होता, वरून भाजक्या सोयाबीनचं पीठ. पहिला पितरांच्या देव्हाऱ्यापुढे, दुसरा मला.

दाराशी खिळ्यावर यंदाचे बूट. मला ते मागच्या वर्षीपेक्षा मोठे वाटले. पण मागच्या वर्षी मी त्यांचं माप घेतलं नव्हतं, तेव्हा खात्री नाही.

खाऊन झाल्यावर आजींनी चाकू आणला. धार लावून ठेवलेला. आणि माझ्यापुढे केला. मी म्हटलं, हे मी कसं करू. त्या म्हणाल्या, "माझा हात थरथरतो. आणि माप तुमच्याकडे आहे. किती होतं ते?"

चित्राच्या मापावरून काढलं तर एकशे अठरा सेंटिमीटर. मी तो हिशेब आदल्या दिवशी केला होता.

"एकशे अठरा," मी म्हटलं.

"म्हणजे सहा वाढला. नक्की?"

इथे सांगायचं होतं. की ही उंची कोणी मोजलेली नाही, कोणत्याही मुलाची नाही. कागदावरच्या एका मुलीच्या डोळ्यांखाली यावी म्हणून मी ती ठरवली. तोंड उघडलंही होतं. आजी खाली वाकून टेपचं टोक अंगठ्याने जमिनीशी दाबून बसल्या होत्या, आणि वर माझ्याकडे बघत होत्या.

"नक्की," मी म्हटलं.

मी रेघ कोरली. जुनं लाकूड फार कठीण, चाकू दोनदा घसरला. आजींनी टेप तेवढी धरून ठेवली. आतून जे लाकूड दिसलं ते पांढरं नव्हतं, मधासारखं पिवळं होतं. म्हणजे तेवीस चित्रांत मी तो रंग चुकवला आहे.

आजींनी रेघेवरून बोट फिरवलं. भुसा फुंकला. मग स्वयंपाकघरातून ओलं फडकं पिळून आणलं आणि खांब पुसायला घेतला. वरून खाली, आठही रेघांवरून, त्या राखाडी पट्ट्यावरून सुद्धा. पट्टा हळूहळू काळा होत गेला, मग चकाकायला लागला.

माझ्या तोंडावर आलं होतं, की हे असंच राहू द्या.

म्हटलं नाही.